आधी पेपर, मग टीव्ही

किस्से जमवावे लागतात असं काही लोकांना वाटतं. आमच्या धंद्यात ते घरपोच मिळतात, कारण आम्हीच लोकांच्या घरात घुसतो. टीव्हीसाठी माणूस तुम्हाला थेट आतल्या खोलीपर्यंत नेतो, कपाट सरकवतो, कॅलेंडर काढतो, आणि तेवढ्यात नवरा-बायकोचं जे काही भांडण अर्धवट राहिलेलं असतं ते पुढे सुरू होतं. आपण हातात टेप धरून मधे उभे! कुणाची बाजू घ्यायची नाही, चहा आला तर प्यायचा आणि भिंतीकडे बघत राहायचं. इतकी वर्षं हेच केलं की किस्से साचतातच. त्यात माझं काही कौतुक नाही.

उल्हासनगरला कॅम्पात लच्छूशेठचं टीव्हीचं दुकान आहे. मी तिथे सेल्सला, बबन फिटिंगला. शेठ सिंधी, मराठी बोलतो, पण चिडला की हिंदीत जातो. म्हणजे बहुतेक वेळ हिंदीतच असतो.

*

आमच्या दुकानाचा एक नियम आहे, आणि तो सगळ्या मार्केटमध्ये चेष्टेचा विषय आहे. टीव्ही विकण्याआधी गिऱ्हाइकाच्या भिंतीवर त्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद चिकटवायचा. पंचावन्न इंची हवा असेल तर पंचावन्नचा, पासष्ट हवा तर पासष्टचा. तो आठवडाभर तिथे राहणार. घरच्यांनी येता-जाता, जेवताना, झोपताना त्याच्याकडे बघायचं आणि मग सांगायचं, एवढा घेऊ की नको.

हे सुरू झालं एका कोटावरून. कॅम्पातल्याच एका कुटुंबाने एका खोलीच्या घरात भलामोठा टीव्ही घेतला. बबनने लावून दिला, सगळे खूश, पेढे वाटले. दोन दिवसांनी त्यांना साखरपुड्याला जायचं होतं, तेव्हा कळलं की टीव्हीची कड कपाटाच्या दारावर येते. दार उघडेना! चार बोटं फट राहत होती फक्त. बबन त्या दिवशी बदलापूरला अडकलेला. शेवटी घरातल्या बाईने त्या फटीतून हात घालून एकेक साडी ओढून काढली. नवऱ्याच्या सुटाची पॅन्टही निघाली. कोट मात्र खांद्यात अडकला.

त्याने साखरपुड्याच्या हॉलमधून शेठला फोन केला. "शेठ, पॅन्ट निकली, कोट अंदर है! मी इथे वेटरसारखा उभा आहे!"

तेव्हापासून पेपर. आठवडाभरात निम्मी गिऱ्हाइकं मोठ्या शोरूमकडे पळतात, हे मी आणि बबनने शेठला किती वेळा सांगितलं. तो ऐकेल तर शपथ. "जाएगा तो जाएगा," म्हणतो, "लेकिन कोट तो निकलेगा!"

*

अंबरनाथजवळच्या मोरिवलीचे दामूकाका दुकानात आले ते एका दुपारी. आगरी माणूस, एमआयडीसीतल्या कंपनीतून रिटायर झालेले. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. चालू असलेल्या सगळ्या टीव्हींसमोरून एक चक्कर मारली आणि माझ्यापुढे येऊन म्हणाले, "मना मोठा टीवी पायजे."

"किती मोठा, काका?"

"एवरा मोठा, का पोरांनी हेलमेट काढला पायजे."

मला काही कळलं नाही. मी मान हलवली आणि माप घ्यायला दुसऱ्या दिवशी गेलो. गेल्यावर कळलं.

काकांचं कौलारू घर, पुढे एक छोटी खोली, त्यात खाट, तांदळाचा पत्र्याचा डबा आणि भिंतीवर काकूंचा हार घातलेला फोटो. काकू गेल्या वर्षी गेल्या. मोठा मुलगा सुरेश अंबरनाथ पूर्वेला फ्लॅटमध्ये राहतो, धाकटा नरेश बदलापूरला. दोघांचं भांडण वगैरे काही नाही. दर रविवारी दोघंही येतात. सुरेश डबा देतो, नरेश औषधं देतो. दारातच. गाडी चालूच असते आणि डोक्यावर हेल्मेट.

"त्यांची आय होती तवा घरान बसाची," काका म्हणाले. "आता माज्याशी काय बोलतील? मोठा टीवी असला तं मॅच बगाला तरी बसतील."

मला त्या खोलीत कसंसंच झालं, खरं सांगतो. खाटेसमोरच्या भिंतीवर पंचावन्नचा पेपर चिकटवला आणि निघालो.

*

बदलापूरला एका शाळेतल्या सरांना टीव्ही नको होता, प्रोजेक्टर हवा होता. शंभर इंच! खोली दहा बाय नऊ. मी म्हटलं, सर, टीव्ही घ्या. ते म्हणाले, "थिएटरचा फील पाहिजे."

शंभर इंचाचा पेपर लावला तर त्याच्याखाली लाईटचा स्विच गेला. संध्याकाळी सर आणि घरच्या बाई दोघं भिंत चाचपडत होते, असं बाईंनीच फोनवर सांगितलं. तरी सर ठाम.

आता प्रोजेक्टरचं असं असतं की चित्र जेवढं मोठं हवं तेवढं मशीन लांब न्यावं लागतं. सरांच्या खोलीत सोफा आणि कपाट सोडून तेवढी जागाच नव्हती. मशीन मागे नेत नेत बबनने ते स्वयंपाकघरात नेलं आणि फ्रीजवर ठेवलं. तिथून दारातून उजेड बाहेरच्या भिंतीवर. चित्र फर्स्ट क्लास! सर टाळ्या वाजवायला लागले.

फक्त मधे गॅसची शेगडी. बाई पोळ्या लाटायला उभ्या राहिल्या की हिरोच्या डोक्यावर लाटणं. हिरॉईन रडायला लागली की तिच्या तोंडावर तवा.

पंधरा दिवसांनी मी घाबरत घाबरत फोन केला, म्हटलं परत घ्यावा लागणार. बाईंनी उचलला.

"छे हो! परत कशाला? मी ह्यांना सांगितलं, तुम्ही बुटके आहात, तुम्ही पोळ्या करा. मी बाहेर बसून बघते. एकदम थिएटरचा फील येतो!"

*

दामूकाकांचा आठवड्याने फोन आला. "पेपर बदलाला ये."

झालं होतं असं, की सुरेश नेहमीप्रमाणे डबा घेऊन आला आणि दारातूनच त्याला भिंत दिसली. हे काय लावलंय, म्हणाला. काका म्हणाले, टीवी घेतो. सुरेश उंबऱ्याच्या आत आला, पेपरकडे बघितलं आणि म्हणाला, "एवढुसा? बाबा, घ्यायचाच तर पासष्ट घ्या."

मी पासष्टचा लावून आलो. पुढच्या आठवड्याला पुन्हा फोन. आता नरेशने बघितला होता. "सगळी भिंत खाल्ली! एवढ्याशा खोलीत पासष्ट? डोळे फुटतील तुमचे. पंचावन्न बस्स!" मी परत पंचावन्नचा लावायला हजर. उल्हासनगरहून अंबरनाथ, तिथून रिक्षा, मोरिवली, आणि हे सगळं एका रद्दीच्या कागदासाठी. वैताग आला होता. तरी विचारलं, "काका, हेल्मेट?"

"काच वर केली," काका म्हणाले. चेहरा असा की पोरगा बोर्डात आलाय.

मग म्हणाले, "एक काम कर. यो तुज्या शेठचा पेपर कुनाला वाचता येत नाय. मराठी लाव. पोरां वाचतील तरी."

*

शेठचा पेपर म्हणजे सिंधी पेपर. उर्दूसारखी अक्षरं, उजवीकडून डावीकडे. दुकानात त्याचे गठ्ठे पडलेले असतात. शेठ रोज वाचतो. त्याच्या घरात दुसऱ्या कुणालाच तो वाचता येत नाही, म्हणून सगळे भिंतींवर जातात.

एकदा कॅम्पातच एका घरी असा पेपर लावला. नातवाला गेम खेळायला मोठा टीव्ही हवा होता. आठवड्याने सूनबाईंचा फोन. "भाईसाब, टीवी दूसरी दीवार पे लगाना पड़ेगा."

मी म्हटलं का हो, कपाट आड येतं का?

"नहीं. अम्मा का पढ़ना अभी खतम नहीं हुआ."

मी जाऊन बघितलं. घरातली म्हातारी खुर्ची भिंतीकडे तोंड करून बसलेली, हातात भिंग. वरची ओळ वाचायला स्टुलावर चढायची म्हणे, म्हणून घरच्यांची झोप उडालेली. मला बघून तिने विचारलं, याचं पुढचं पान कुठे आहे? ते आम्ही शेजारच्या बिल्डिंगमध्ये लावलं होतं.

टीव्ही शेवटी आतल्या खोलीत लागला. आणि शेठ, जो आम्हाला चहाच्या दुसऱ्या कपाला ओरडतो, तो दर शनिवारी त्या म्हातारीला आठवड्याचे सगळे पेपर स्वतः नेऊन देतो. यावर आम्ही काही बोललो तर हिंदीत जातो.

*

बबनचा किस्सा सांगितला नाही तर तो चिडेल. आणि सांगितला तरी चिडेल.

कॅम्पात जुन्या बराकींच्या खोल्या आहेत, दोन घरांत मिळून एकच भिंत. बबन तिथे स्टँड लावत होता. ड्रिल घातलं, घातलं, घातलंच. भिंत संपली आणि पलीकडच्या घरात बिट बाहेर आलं. नेमकं कॅलेंडरच्या मधोमध! तिकडे एक बाई चहा गाळत होत्या. त्यांनी अशी किंकाळी मारली की बबनने मशीन हातातून टाकलं.

पलीकडचा गृहस्थ बनियनवर धावत आला. आम्ही सगळे हात जोडून उभे. बबन म्हणाला, दादा, सिमेंट भरून देतो, रंग लावून देतो, कॅलेंडर नवीन देतो. गृहस्थाने टीव्ही बघितला, भोक बघितलं, पुन्हा टीव्ही बघितला.

"सिमेंट मत डालो," तो म्हणाला. "केबल डालो. अब छेद हो ही गया है तो हम भी देखेंगे!"

आजही दोन्ही घरं एकाच बॉक्सवर चालतात. चॅनल बदलायचं असेल तर भिंतीवर ठोकतात.

*

एमआयडीसीजवळ एका खोलीत चार पोरं राहतात, कंपनीत शिफ्टला. कुणीतरी एक कायम झोपलेला. त्यांनी आमच्याकडून चांगला मोठा टीव्ही घेतला आणि त्याचा आवाज आजतागायत कुणी ऐकलेला नाही. म्यूट. खोलीचा कायदाच आहे तसा.

मी एकदा सर्व्हिसला गेलो तर मॅच चालू. शेवटची ओव्हर. तिघं तोंडावर हात दाबून उभे. जिंकल्यावर तिघांनी उड्या मारल्या, मिठ्या मारल्या, एकाने टी-शर्ट काढून फिरवला, आणि आवाज म्हणून नाही! मीही दबकतच टाळी वाजवली.

खाटेवरच्या चौथ्याने चादरीतून तोंड बाहेर न काढता विचारलं, "जिंकलो का?"

"हो."

"बरं," म्हणाला आणि कूस बदलली.

*

दामूकाकांचं मात्र संपेना. मराठी पेपर लावला तर सुरेशच्या बायकोने सांगितलं, या भिंतीवर खिडकीचा उजेड पडतो, समोरच्या भिंतीवर लावा. समोरच्या भिंतीवर लावला तर नरेशची बायको म्हणाली, सासूबाईंचा फोटो हलवायचा नाही. मग तिसऱ्या भिंतीवर. दरवेळी मी नवीन पेपर घेऊन हजर, दरवेळी काका दारात खुर्ची टाकून बसलेले.

"धाकट्यानं हेलमेटचा पट्टा सोडला परवाच्या दिशी," एकदा म्हणाले. "खाटेवर टेकला पन होता."

इकडे शेठचा पारा चढलेला. "ये आदमी टीवी लेगा, कि मेरा पूरा रद्दी लेगा? किती महिने झाले? मी जातो रविवारी. टेम्पो में माल डालो. आज तक मी गेलो आणि टीवी गाडीतून परत आला, असं झालं नाही!" हे मात्र खरं आहे. शेठ स्वतः गेला की माणूस घेतोच.

रविवारी टेम्पोत पासष्टचा खोका टाकला आणि शेठ आणि मी मोरिवलीला गेलो. शेठ वाटेत बोलणं जुळवत होता. टेम्पो काकांच्या दारापासून थोडा अलीकडे, कुंपणाच्या आड लावला.

दारात चपलांचा ढीग. आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. सुरेश आणि नरेश दोघं भिंतीजवळ उभे राहून हातवारे करत होते. एका सुनेच्या हातात शिवणाची टेप, ती पेपर मोजत होती, दुसरी तिला चुकतंय म्हणून सांगत होती. दोन नातवंडं भिंतीवरच्या पेपरातलं शब्दकोडं पेनाने भरत होती, एक चवड्यांवर उभं राहून, एक खाटेवर चढून.

तांदळाच्या डब्यावर दोन हेल्मेटं होती. एक नुसतं ठेवलेलं. दुसरं उलटं, आणि त्यात काका वालाच्या शेंगा सोलून दाणे टाकत होते.

"आयलाव शेठ? बसा," काका म्हणाले. "जेवाला टाईम हाय अजून."

शेठला बसायला खाटेचा कोपरा मिळाला. सुरेशने त्यालाच मधे घेतलं. "शेठ, तुम्ही सांगा. पासष्ट बरोबर ना?" शेठने खाकरून घसा साफ केला. त्याचं बोलणं तयारच होतं. पण तेवढ्यात नरेश मधे पडला. "तू गप रे! शेठ, आईचा फोटो तिथेच राहणार हे धरून सांगा."

"फोटो कोण हलवतंय?"

"तूच म्हणालास गेल्या रविवारी!"

"मी म्हणालो जरा वर घेऊ! आईला तरी नीट दिसेल!"

यावर सुरेशची बायको पदर तोंडाला लावून हसली आणि मग सगळेच हसले. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू. आम्हाला उठूच दिलं नाही. जेवायला बसवलं, वालाचं बिरडं आणि भाकरी. शेठने दोनदा वाढून घेतलं. जेवताना नरेश म्हणाला, "पुढच्या रविवारी मी ऑफिसातून लेझरचं माप आणतो. बाबा बसतात तिथून भिंत किती लांब, हे एकदाच मोजून टाकू. तोवर कुणी काही ठरवायचं नाही!"

"आण," सुरेश म्हणाला. "मी पण बघतो तुझं लेझर."

काका बिरडं वाढत होते.

निघताना ते आम्हाला सोडायला कुंपणापर्यंत आले. तिथून टेम्पो दिसतच होता, आणि टेम्पोतला खोकाही. त्यावर टीव्हीचं चित्र एवढं मोठं छापलेलं असतं की लपवायला जागा नाही. काका खोक्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "शेठ, माल आनलाव?"

शेठने खोक्याकडे बघितलं. आत परत आवाज चढले होते. पासष्ट, पंचावन्न, फोटो, खिडकी.

"ये? ये दुसऱ्याचा आहे," शेठ म्हणाला. "आम्ही सहज आलो होतो."

काकांनी डोक्याचा टॉवेल सोडला, तोंड पुसलं आणि परत गुंडाळला.

टेम्पो निघाला. एमआयडीसी मागे पडली. मी मनात म्हटलं, आज पहिल्यांदा माल परत चाललाय, आता आपली धडगत नाही. उल्हासनगर जवळ आल्यावर शेठ बोलला.

"उद्या दामूकाकांकडे जा. पंच्याऐंशीचा पेपर लाव."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "शेठ, पंच्याऐंशी? तिथल्या कुठल्याच भिंतीवर मावत नाही तो. एक तर खिडकीवर येईल, नाहीतर दारावर!"

"मालूम है," शेठ म्हणाला. "लाव. आणि मराठी लाव, शब्दकोडंवाला."